साठ टन ओला मका आणि चारशे किलोंची फट : एका साठवणीचा प्रकरण अभ्यास

मळणीच्या ऐन दिवसांत पावसाने मुक्काम ठोकला की मक्याच्या साठवणीचे सगळे बेत कोलमडतात. या प्रकरणातल्या गोठ्यावरही तेच झालं. मका ६० टन, सगळा स्वतःच्या दुभत्या जनावरांसाठी, पुढचे आठ महिने पुरवायचा. दाण्यातला ओलावा २० टक्क्यांच्या वर. ड्रायर लांब आणि तिथे आधीच रांग. पसरून वाळवावं तर ऊन नाही. मळलेला मका शेडमध्ये येऊन पडायला लागला होता आणि पहिल्या राशीत कोपरापर्यंत हात घातला तर आतून ऊब लागत होती.

एक खुलासा आधीच करतो. ओल्या धान्याच्या साठ्यांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एकाच परिस्थितीत गुंफल्या आहेत. त्यामुळे हा गोठा कुणाचा ते शोधत बसू नका. टनांचे आणि लिटरचे आकडे हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून घेतले आहेत. त्यामागचं शास्त्र मात्र जसं आहे तसंच.

हातात किती वेळ होता

२५ अंशांच्या आसपास तापमान आणि २२ टक्के ओलावा असेल तर राशीतला मका जेमतेम एक-दोन आठवडे तग धरतो, आणि तोही वरवर बरा दिसण्यापुरता. बुरशीने आत बस्तान त्याच्या बरंच आधी बसवलेलं असतं. बुरशीला ओलाव्याच्या टक्क्यांशी थेट देणंघेणं नसतं. दाण्यादाण्यांमधल्या हवेत किती दमटपणा आहे, यावर तिचं सगळं अवलंबून. ती हवा ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खाली राहिली तर साठवणीतल्या बुरशा वाढू शकत नाहीत, आणि मक्यात ही पातळी साधारण १३-१४ टक्के ओलाव्याला मिळते. २२ टक्क्यांचा मका राशीतली हवा ९० टक्क्यांच्या पुढे नेऊन ठेवतो. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीला ८० टक्क्यांच्या थोडी वर आर्द्रता आणि तीस-एक अंशांची ऊब मिळाली की पुरतं. म्हणजे या राशीत तिच्यासाठी सगळी सोय आयती होती.

वाळवण्याचा हिशेब मांडून पाहिला. २२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणायचं तर ६० टनांतून साडेपाच टनांहून जास्त पाणी उडवावं लागतं. इतकं पाणी उडवायला लागणारं इंधन आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रांगेतले दिवस, दोन्ही परवडणारं नव्हतं. हवाबंद साठवण हा दुसरा मार्ग. ओल्या मक्याला तो चांगला मानवतो, पण हवाबंद पिशव्या भरायचं यंत्र हाताशी नव्हतं, आणि शेडला चारी बाजूंनी फटी. उरला तिसरा मार्ग, दाण्यावर फवारून बुरशी रोखणारं प्रोपिऑनिक अ‍ॅसिड.

इथे मालकांनी एक प्रश्न विचारला, तो योग्य वेळी विचारला हे बरं झालं : "यातला दहा टन पुढे भाव आला तर विकता येईल ना?" उत्तर नाही असं होतं. अ‍ॅसिड मारलेला मका बियाण्याला चालत नाही, कारण अंकुर मरतो. माणसांच्या खाण्यासाठी जो मका घेतला जातो, तिथेही तो कुणी घेत नाही. तो फक्त जनावरांच्या पोटात जायचा. ज्याला विक्रीचे दार उघडं ठेवायचं असेल त्याने तेवढा मका बाजूला काढून वाळवायलाच धाडावा. फवारणीनंतर हा निर्णय मागे फिरवता येत नाही.

अ‍ॅसिड दाण्यावर काय करतं

प्रोपिऑनिक हे सौम्य अ‍ॅसिड आहे, म्हणजे पाण्यात त्याचे सगळे रेणू फुटत नाहीत. जे फुटत नाहीत, तेच कामाचे. अखंड रेणू बुरशीच्या पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. आतलं वातावरण जवळपास उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असल्यामुळे तिथे तो फुटतो, आम्लता वाढवतो, आणि ती बाहेर फेकण्यातच पेशीची ताकद खर्ची पडते. वाढ थांबते. पीएच ४.८७ ला निम्मे रेणू अखंड असतात, ५ ला चाळीसेक टक्के, आणि ६ ला जेमतेम ७ टक्के. त्यामुळे दाण्यावरचं अ‍ॅसिड कशानेही उदासीन झालं, चुन्याने, सिमेंटने, पत्र्यावरच्या जस्ताने, की त्याची धार गेली असं समजायचं.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात, कारण त्यांबद्दल गैरसमज फार. पहिली, अ‍ॅसिड बुरशीला रोखतं, पण तिने आधीच तयार केलेलं विष नष्ट करत नाही. शेतातच कणसावर बुरशी धरली असेल तर फवारणीनंतर दाणा स्वच्छ दिसेल, वासही आंबूस-ताजा येईल आणि विष जसंच्या तसं आत राहील. दुसरी, अ‍ॅसिड ओलावा कमी करत नाही. दाणा ओलाच राहतो, फक्त त्यावर पहारा बसतो. पहारा उठला की त्याच क्षणी तो पुन्हा बुरशीच्या ताब्यात.

फॉर्मिक अ‍ॅसिड का नको, असंही कुणी विचारतं. ते जिवाणूंवर प्रभावी आहे, बुरशीवर तुलनेने कमजोर. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये फॉर्मिक अ‍ॅसिड मारून साठवलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिन आढळलं होतं आणि ते धान्य खाणाऱ्या गायींच्या दुधातही त्याचा अंश उतरला होता. थंड देशात, अ‍ॅसिड वापरूनही. कमजोर पहारा बुरशी थांबवत नाही, उलट तिच्या स्पर्धकांना हटवून तिला मोकळं रान देतो.

डोस कोणत्या आकड्यावर ठरवायचा

मात्रा ओलाव्यावर ठरते. आठ-बारा महिन्यांच्या साठवणीसाठी ढोबळ मानाने २० टक्क्यांना टनामागे ६ लिटर, २२ ला ७, २४ ला ८, २६ ला ९ आणि ३० टक्क्यांना ११-१२ लिटर. हा शुद्ध प्रोपिऑनिकचा अंदाज. कॅनवरचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तक्ता खरा, कारण बाजारातली द्रावणं एकसारख्या ताकदीची नसतात. अमोनिया किंवा सोड्याने सौम्य केलेली, कमी झोंबणारी उत्पादनंही असतात. ती हाताळायला बरी आणि यंत्राला कमी खातात, पण लिटरला लिटर बदलून चालत नाही. क्षारांचंही तेच. कॅल्शियम प्रोपिऑनेट म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास ८० टक्के अ‍ॅसिड, सोडियमचं ७७ टक्के. हिशेब त्या टक्क्यांनीच मांडायचा.

आता या साठ्याकडे. प्रत्येक ट्रॉलीतून चार-पाच ठिकाणचे नमुने घेऊन मॉइश्चर मीटरवर पाहिले. आकडे १९ पासून २६ पर्यंत पसरलेले. सरासरी साधारण २२. पाऊस पडण्याआधी मळलेल्या ट्रॉल्या खालच्या टोकाला, पावसानंतरच्या आणि शेताच्या खोलगट भागातल्या वरच्या. मालकांचं म्हणणं सरळ होतं, "सरासरी २२ आहे, टनाला ७ लिटर मारू. ४२० लिटर पुरेल."

माझं या बाबतीतलं मत ठाम आहे. ओल्या धान्याच्या साठवणीत सरासरी हा सगळ्यात फसवा आकडा. २६ टक्क्यांच्या दाण्याला शेजारचा १९ टक्क्यांचा दाणा कोरडा आहे याचा काही उपयोग नाही. रास आपल्या सर्वांत ओल्या भागाच्या जिवावर टिकते. सगळ्या ६० टनांना २६ टक्क्यांचा डोस द्यायचा तर ५४० लिटर लागतं, हे मालकांना जड वाटणं साहजिक होतं. म्हणून मका दोन भागांत लावायचं ठरलं. पावसानंतरचा २० टन वेगळा, टनाला ९ लिटर, म्हणजे १८० लिटर. उरलेला ४० टन, त्यातला सर्वांत ओला नमुना २२-२३ च्या आसपास, टनाला ७.५ लिटर, म्हणजे ३०० लिटर. एकूण ४८०. सरसकट डोसपेक्षा ६० लिटर कमी आणि ओल्या भागाला पुरेपूर.

मीटरबद्दल एक शब्द. दाणा पावसाने वरून भिजलेला असेल, थंड असेल किंवा ओलावा २५ टक्क्यांपुढे असेल तर हातातल्या मीटरचा आकडा पूर्ण विश्वासाचा नसतो. खात्री हवी असेल तर ओव्हनमध्ये वाळवून मोजायचं. अख्ख्या मक्याला १०३ अंशांवर ७२ तास लागतात. तोपर्यंत रास थांबायला तयार नसते, ही खरी अडचण, म्हणून डोस प्रत्येक भागातल्या सर्वांत ओल्या आकड्यावर धरला.

फवारणी

शेडची तयारी आधी झाली. अ‍ॅसिड सिमेंट खातं आणि जस्ताचा मुलामा चढवलेल्या पत्र्याशीही त्याची प्रक्रिया होते. यात फक्त शेडचं नुकसान नसतं, भिंतीलगतच्या दाण्यावरचं अ‍ॅसिडही खर्ची पडतं आणि तिथे हातभर जाडीचा मका उघडा पडतो. जमिनीवर आणि भिंतींवर दीड मीटर उंचीपर्यंत जाड प्लास्टिक लावलं. छपराची गळती आदल्या दिवशी बुजवली. मका आधी चाळून घेतला. चुरी आणि फुटके दाणे बुरशीला सर्वांत आवडते. शिवाय बारीक चुरीचा पृष्ठभाग मोठा असल्याने ती अ‍ॅसिड जास्त पिते आणि ते चुरीच्या थरातच अडकून बसतं.

उपकरण साधं होतं. मका ओतायचं नरसाळं म्हणजे हॉपर, मका पुढे ढकलणारा स्क्रू कन्व्हेयर, त्याच्या सुरुवातीच्या भागात दोन नोझल, अ‍ॅसिड मोजून सोडणारा एक डोसिंग पंप. कन्व्हेयरमध्ये मका फिरत पुढे जातो तेव्हाच त्यावर अ‍ॅसिड चांगलं लागतं. ढिगावर वरून फवारून वरखाली करणं हे काम नव्हे. कन्व्हेयरची क्षमता तासाला १२ टन, म्हणजे मिनिटाला २०० किलो. टनाला ७.५ लिटरच्या हिशेबाने तासाला ९० लिटर, मिनिटाला दीड लिटर. हा आकडा कागदावर सोडला नाही. मका एक मिनिट पोत्यात घेऊन तोलला आणि पंपाचं पाणी (अ‍ॅसिड नव्हे) एक मिनिट मापात धरलं. मका १२ ऐवजी १५ टन वेगाने जायला लागला आणि पंप तेवढाच राहिला तर टनाला ७.५ चा डोस ६ वर येतो. कन्व्हेयरवर ढकलाढकली करणाऱ्या घाईच्या माणसाला ही गोष्ट सांगावीच लागते.

अ‍ॅसिड झोंबरं असतं, वास नाकाला टोचतो आणि डोळ्यांत गेलं तर इजा करतं. चष्मा, अ‍ॅसिड सहन करणारे हातमोजे, सेंद्रिय बाष्पाचं फिल्टर असलेला मास्क, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ आणि हातभर अंतरावर भरपूर पाणी, हे सगळं वापरलं गेलं. प्रोपिऑनिक पेटू शकतं, त्यामुळे विडी-सिगारेट दूर. गरम दाण्यावर मारलं तर उडून जातं, म्हणून पहिल्या राशीतला ऊब धरलेला मका फवारणीआधी पसरून थंड केला.

भरणी दोन दिवस चालली. पावसानंतरचा वेगळा ढीग, बाकीचा वेगळा. वरचा एक हात जाडीचा थर आणि कडा यांना नेहमीपेक्षा थोडा जास्त डोस. माथा सपाट केला. वर प्लास्टिक न टाकता हवा खेळेल असं जुनं ताडपत्रीचं आच्छादन ठेवलं. थेट प्लास्टिक टाकलं असतं तर आतली वाफ त्याच्या खालच्या बाजूला साचून पुन्हा मक्यावर टपकली असती.

सहावा आठवडा

सुरुवातीला सगळं व्यवस्थित होतं. दोन्ही राशींत लांब नळीचा थर्मामीटर घालून आठवड्यातून दोनदा तापमान नोंदलं जात होतं. अ‍ॅसिड मारलेला मका साधारण बाहेरच्या तापमानाजवळच राहायला हवा, कारण त्यात श्वसन जवळपास थांबलेलं असतं. त्यामुळे पाच अंशांची वाढसुद्धा संशयास्पद. कामगाराने सहाव्या आठवड्यात मालकांना हाक मारली, "मालक, मधल्या खुंटीपाशी आकडा ३८ दाखवतोय. बाकी सगळीकडे २६." मोठ्या राशीचा मधला भाग, वरून मीटरभर खोल.

वास घेतला तर त्या ठिकाणी अ‍ॅसिडचा आंबूस टोचणारा दर्प गायब होता. त्याऐवजी कुबट वास. हा बदल थर्मामीटरइतकाच भरवशाचा आहे. वरचा मका फावड्याने बाजूला केल्यावर हिरवट-पिवळ्या बुरशीने एकमेकांना चिकटवलेल्या ढेपा निघाल्या, भोवती ओला, निस्तेज झालेला मका. बाकी राशीत दाणा खणखणीत.

ऊब नेमकी का वाढत जाते, याचा हिशेब एका टनाचा करून पाहिला की थक्क व्हायला होतं. २२ टक्क्यांच्या एका टनात कोरडा भाग ७८० किलो. श्वसनाने त्यातला फक्त १ टक्का, म्हणजे ७.८ किलो गेला तर साधारण साडेचार किलो पाणी आणि सव्वाशे मेगाज्यूलच्या घरात उष्णता बाहेर पडते. ती सगळी आतच अडकली तर तापमान पन्नास अंशांहूनही जास्त चढेल. अर्थात काही उष्णता बाहेर जाते, पण मक्याची रास घोंगडी पांघरल्यासारखी असते, आतली ऊब सहजी सोडत नाही. आणि ते साडेचार किलो पाणी? ते वाफ होऊन वर आणि कडेला सरकतं, थंड दाण्यावर बसतं. तो शेजारचा मका ज्या ओलाव्यासाठी डोस घेऊन बसला होता, त्याहून तो आता ओला होतो. म्हणजे त्याच्या पुरेशा डोसचा एकाएकी अपुरा डोस होतो. एक उघडा खळगा भोवतालच्या धड मक्याला असा आत ओढतो.

फट कुठे पडली

हा कप्पा राशीच्या ज्या थरात होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला. त्या दिवशीची कहाणी नोंदवहीत सापडली. सकाळी पंप सुरू केला तेव्हा नळीत हवा अडकली होती, अ‍ॅसिड येतंय असं वाटलं आणि कन्व्हेयर चालू झाला. नोझलमधून फवारा सुटेपर्यंत दोनेक मिनिटं मका कोरडाच, म्हणजे अ‍ॅसिड न लागताच गेला. मिनिटाला २०० किलो, म्हणजे सुमारे ४०० किलो. ६० टनांत हे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त, ऐकायला नगण्य. पण कन्व्हेयरच्या तोंडातून ते एकाच जागी पडलं, आणि बुरशीला एवढी जागा पुष्कळ होती. पुढच्या आठवड्यांत भोवतालचा मका ओलावून बिघडलेला कप्पा तीनेक टनांपर्यंत पोचला.

आम्ल बाष्परूपाने थोडंफार सरकतं, त्यामुळे दाण्याच्या एखाद्या कोपऱ्याला कमी लागलं असेल तर शेजाऱ्याकडून उसनं मिळतं. पण हा उसनवारीचा व्यवहार दाण्यांच्या अंतरावर चालतो, अ‍ॅसिड न लागलेल्या दीड-दोन हात जाडीच्या कप्प्यावर नाही. कमी डोस मिळालेल्या पट्ट्यात तर आणखी वाईट परिस्थिती असते. तिथे बऱ्याच बुरशा थांबतात आणि अ‍ॅसिड सोसणारी, काही तर ते खाऊन टाकणारी मंडळी टिकतात. पॅसिलोमायसिस व्हॅरिओटी ही त्यांतली एक नेहमी सापडणारी, आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसही कमी मात्रेला दाद देत नाही. म्हणून "थोडं तरी मारलंय, काही नसण्यापेक्षा बरं" ही समजूत मी सर्वांत घातक मानतो. अर्धा डोस घातलेली रास बिनडोसच्या राशीपेक्षा जास्त फसवी, कारण ती आठवडेच्या आठवडे ठीक दिसते.

पावसानंतरच्या २० टनांची रास, जी सगळ्यांना धोक्याची वाटत होती, ती पूर्ण धड निघाली. २६ टक्क्यांचा मका वाचला आणि २२ टक्क्यांचा गेला. डोसचा आकडा ठरवण्यापेक्षा तो प्रत्येक दाण्यापर्यंत पोचवणं अवघड असतं, हे या प्रकरणातलं मला तरी मुख्य वाटतं.

बिघडलेला आणि उरलेला

बुरशी धरलेल्या ढेपा आणि त्यांच्या भोवतीचा वास बदललेला मका, असा तीन-साडेतीन टन बाजूला काढला. त्याला पुन्हा अ‍ॅसिड मारून गायींना घालावा, असा विचार मालकांच्या मनात आला होता. तो का टाळायचा, हे वर आलंच : विष तसंच राहतं. दुभत्या जनावरांच्या बाबतीत यात जोखीम अधिक. खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी१चा साधारण एक-दोन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या गायींत सहा टक्क्यांपर्यंत, एम१ या रूपात दुधात उतरतो, आणि तोही दिवसभरात. दुधासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. काढलेला मका कुठल्याच जनावराला न देता खतात गेला. ते तीन टन डोळ्यांसमोर खड्ड्यात जाणं मालकांना जड गेलं, पण त्यावर दुसरा पर्याय नव्हता.

त्या खळग्याच्या भोवतीचा मका, दिसायला चांगला पण ऊब लागलेला, हा खरा कसोटीचा भाग. तो पसरून थंड केला, नव्याने ओलावा मोजला, वाढलेल्या आकड्याप्रमाणे उरलेला डोस दिला आणि तो वेगळ्या ढिगात ठेवला. वापर सर्वांत आधी याचाच, आणि गाभण व दुभत्या गायींना नाही तर वाढत्या कालवडींना, तेही प्रयोगशाळेने अफ्लाटॉक्सिनचा अहवाल चांगला दिल्यानंतर. नमुना मात्र एकाच जागचा घेऊन चालत नाही. विष राशीत एकसारखं पसरलेलं नसतं, काही थोड्या दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून अनेक ठिकाणचा मका एकत्र करून, नीट मिसळून, त्यातून नमुना काढला.

उरलेल्या ५६ टनांच्या वापराबद्दल दोन सूचना होत्या. एक, ओला मका तोलून घालताना कोरड्या वजनाचा हिशेब करायचा. १४ टक्क्यांच्या एक किलोत जेवढं खाद्य तेवढ्यासाठी २२ टक्क्यांचा १.१ किलो लागतो. तसं न केल्यास रोजच्या खुराकात नकळत कपात होते आणि दूध कमी झाल्यावर दोष अ‍ॅसिडला दिला जातो. दोन, अ‍ॅसिड मारलेल्या ओल्या धान्यातलं जीवनसत्त्व ई साठवणीत नाहीसं होतं. वाळवलेल्या मक्यात ते बरंच टिकतं. म्हणून मिनरल मिश्रणात जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम वाढवून घ्यायला सांगितलं, विशेषतः विण्याच्या सुमारास. प्रोपिऑनिकची स्वतःची भीती नको, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते रोजच तयार होतं आणि यकृत त्याची साखर करतं.

पुढच्या हंगामासाठी उपकरणात झालेला बदल छोटा आहे. पंपाचा आणि कन्व्हेयरचा स्विच एकच केला, आणि नोझलसमोरच्या पारदर्शक नळीत फवारा दिसल्याशिवाय हॉपरची झडप उघडायची नाही, असा नियम झाला. थांबून पुन्हा सुरू करताना पहिली दोन पोती राशीत न टाकता परत हॉपरमध्ये ओतायची. काम संपल्यावर नोझल आणि पंप पाण्याने धुवायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी नोझलमध्ये खपली धरते आणि पुन्हा तीच दोन मिनिटं कोरडी जातात.